बंदिवानांच्या गृहिणी

तुरुंगाविषयी जगात पुष्कळ वाङ्मय झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक सर्व आत असलेल्या माणसाने, किंवा आत असलेल्या माणसाविषयी, लिहिलेले आहे. हे साहजिकच होय. शिक्षा त्याला झालेली असते, बेडी त्याच्या पायांत असते, आणि सुटून आल्यावर आठवणी ऐकावयास लोक त्याच्याच भोवती जमतात. पण प्रत्येक कैद्यामागे एक घर असते. न्यायाधीशाने निकालपत्रात त्या घराचा उल्लेख केलेला नसला, तरी शिक्षेचा एक मोठा हिस्सा तेच भोगीत असते. वकिलाचे पैसे कोठून उभे करावयाचे, भेटीस कोणी जावयाचे, मुलांना काय सांगावयाचे, पत्रात काय लिहावयाचे आणि काय गाळावयाचे, ही कामे कोणीतरी करीतच असते. या 'कोणीतरी'चा इतिहास लिहिण्याचे साहित्य फार थोड्या ठिकाणी सापडते. जेथे ते विपुल आहे असे एक प्रकरण रशियाच्या इतिहासात आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते. ते का होते, हे पुढे ओघाने येईल.

१८२५ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १४ तारखेस (ही तारीख जुन्या रशियन पंचांगाची, पुढील तारखाही तशाच समजाव्यात) सेंट पीटर्सबर्ग येथे सेनेटच्या चौकात काही लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या पलटणी आणून उभ्या केल्या आणि नवा बादशहा पहिला निकोलस याच्या नावाने राजनिष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले. हे बहुतेक तरुण सरदार घराण्यांतील होते. त्यांतील कित्येक नेपोलियनचा पाठलाग करीत थेट पॅरिसपर्यंत जाऊन आलेले. जमिनीबरोबर विकले जाणारे भूदास मुक्त व्हावे आणि राजसत्तेला कायद्याची वेसण असावी, हे त्यांच्या मागण्यांचे सार. अंधार पडता पडता तोफा डागल्या गेल्या आणि बंड संपले. पुढे चौकशी झाली, १२१ जणांना शिक्षा फर्मावण्यात आल्या, १३ जुलै १८२६ रोजी पाच जणांस फाशी दिले, आणि शंभरांहून अधिक लोकांची रवानगी सैबेरियात झाली. महिन्याच्या नावावरून इतिहासात यांना 'डिसेंब्रिस्ट' म्हणतात.

सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबर या लोकांना 'नागरी मृत्यू' आला. पदव्या गेल्या, मालमत्तेवरचा हक्क गेला, तरवारी त्यांच्या डोक्यावर मोडण्यात आल्या. आणि कायद्याच्या दृष्टीने मनुष्य मेला म्हणजे त्याची बायको विधवा झाली, या हिशेबाने बायकांना पुनर्विवाहाची मोकळीक देण्यात आली. या मोकळिकीत औदार्य नव्हते. बादशहाला हे लोक विसरले जावयास हवे होते. फाशी दिलेल्या माणसाची निदान समाधी बांधता येते. पाच हजार मैलांवरच्या खाणीत उतरलेल्या आणि ज्याला पत्र लिहिण्याची मनाई आहे अशा माणसाचे काहीच करता येत नाही. दहा-पाच वर्षांत त्याचे नावही कोणी काढणार नाही, हा हिशेब पक्का होता. त्यात चूक एकच राहिली. ज्या बायकांना विधवा ठरविले त्यांची संमती कोणी घेतलेली नव्हती.

याच सुमारास आपल्या देशात सहगमनाच्या चालीविषयी वाद चालू होता. मुंबई इलाख्यात ती चाल १८३० साली कायद्याने बंद झाली. आपल्याकडे मेलेल्या नवऱ्यामागे जिवंत बायको जात होती. तिकडे सरकारने मेला म्हणून जाहीर केलेला नवरा जिवंत आहे, असे सांगत बायका निघाल्या. दोन्ही गोष्टींना एकच नाव देण्याचा मोह आम्हांस होतो, पण तो आम्ही आवरतो.

सर्वांच्या आधी निघाली ती एकातेरिना त्रुबेत्स्काया. नवऱ्याला बेड्या घालून नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती राजधानीतून बाहेर पडली. इर्कुत्स्क येथे पोहोचल्यावर तिला कित्येक महिने अडवून ठेवण्यात आले. तेथील गव्हर्नराला वरून हुकूमच होता की, या बायकांची समजूत घालून त्यांना परत पाठवावे. त्याने समजूत घातली, भीती दाखविली, आजारपणाची सबब केली. शेवटी पुढे जावयाचे तर सामान्य गुन्हेगारांच्या तांड्याबरोबर पायी जावे लागेल, असे बजावले. ती पायी जावयास तयार झाली, तेव्हा त्याचा निरुपाय झाला असे सांगतात. तिच्यापुढे जो कागद सहीसाठी ठेवला तोच पुढे येणाऱ्या प्रत्येकीपुढे ठेवण्यात आला. त्याचा मतलब असा: नवऱ्यामागे जाणारी बायको आपली पूर्वीची पदवी गमावील व केवळ एका कैद्याची बायको म्हणून ओळखली जाईल, हलक्यातल्या हलक्या गुन्हेगाराकडून तिचा अपमान झाला तरी सरकार जबाबदार राहणार नाही, सैबेरियात होणारी मुले सरकारी कारखान्याचे भूदास गणली जातील, पैसाअडका व जडजवाहीर बरोबर नेता येणार नाही. शेवटचे कलम पुष्कळांना किरकोळ वाटेल, पण ज्याने कोणाला तुरुंगात मदत केली आहे त्याला ते तसे वाटणार नाही. या कागदातील तिसरे कलम मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

दुसरी मरिया वोल्कोन्स्काया. नेपोलियनशी झालेल्या युद्धात नाव गाजविलेल्या जनरल रायेव्स्कीची ही मुलगी. जानेवारी १८२५ मध्ये तिचे लग्न झाले. नवरा तिच्याहून पंधरा वर्षांवर मोठा. वर्ष संपते न संपते तोच ती बाळंत झाली, आणि मूल काही दिवसांचे असतानाच नवरा पकडला गेला. ती आजारी होती म्हणून घरच्यांनी ही बातमी तिच्यापासून पुष्कळ दिवस लपवून ठेवली. बाप तिच्या जाण्याच्या अगदी विरुद्ध होता; वर्षाच्या आत परत आली नाहीस तर तुला शाप देईन, असे तो निरोपाच्या वेळी बोलला. सासू राजमातेच्या दरबारातील मोठी मानकरीण. तिने दरबार सोडला नाही. मुलाला बरोबर नेण्याची परवानगी नव्हती. ते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा त्याला सासरच्या लोकांच्या स्वाधीन करून १८२६ च्या डिसेंबरात, ऐन बर्फात, ती निघाली. ते मूल जानेवारी १८२८ मध्ये वारले. बातमी सैबेरियात पोहोचावयास कित्येक आठवडे लागले.

आपल्याकडील वाचकाला येथे वनवासास निघालेल्या सीतेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पण अयोध्येहून निघताना सीतेच्या कडेवर मूल नव्हते. अलेक्सांद्रा मुराव्योवा तीन मुले सासूपाशी ठेवून गेली, दाविदोव्हची बायको सहा मुले नातलगांत वाटून गेली. ही गोष्ट पातिव्रत्याच्या एका शब्दात बसत नाही, आणि ती तेथे कोंबू नये असे आमचे मत आहे.

नेर्चिन्स्कच्या खाणींपैकी ब्लागोदात्स्क येथे आठ डिसेंब्रिस्टांना ठेवले होते. १८२७ च्या फेब्रुवारीत त्रुबेत्स्काया आणि वोल्कोन्स्काया तेथे पोहोचल्या. मरियेने कोठडीत पाऊल टाकले तेव्हा नवऱ्याच्या पायांतील साखळदंड वाजला. बेड्या असतील ही कल्पनाच तिने केली नव्हती. ती प्रथम गुडघे टेकून त्या साखळीला ओठ लावून मग त्याला भेटली. नेक्रासोव्ह या कवीने १८७२-७३ च्या सुमारास या स्त्रियांवर एक मोठे काव्य लिहिले. त्यात हा प्रसंग त्याने खाणीच्या पोटात, भुयाराच्या अंधारात घडविला आहे. मरियेच्या मुलाने त्यास हरकत घेतली, पण कवीने ती मानली नाही. कवीला अंधार हवा होता. प्रत्यक्षात तो प्रसंग एका अरुंद, घाणेरड्या, सरकारी कोठडीत, एका अधिकाऱ्याच्या देखत झाला. आणि आम्हांस तोच अधिक हृदयद्रावक वाटतो. आपल्या माणसाची भेट तिऱ्हाइताच्या देखत घ्यावी लागणे, घड्याळाकडे पाहत बोलणे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना भुयाराची गरज भासणार नाही.

भेट आठवड्यातून दोनदा, एकेक तास. उरलेल्या वेळाचे काय? येथूनच या प्रकरणातील जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सुरू होतो, आणि काव्यात त्याला फारशी जागा मिळालेली नाही. दोघींनी एक खोपटे भाड्याने घेतले. ते इतके लहान होते की जमिनीवर निजले म्हणजे डोके भिंतीस आणि पाय दारास लागत. चूल धुरकट, खिडकीला काचेऐवजी अभ्रकाचे तुकडे. घरून आलेला पैसा अधिकाऱ्यांच्या ताब्यात; खर्चाचा हिशेब त्यांना द्यावयाचा. हातचे पैसे संपत आले तेव्हा दोघींनी रात्रीचे जेवण बंद केले. दुपारी सूप आणि लापशी, एवढ्यावर दिवस काढू लागल्या. सेंट पीटर्सबर्गमध्ये आपल्या बापाच्या प्रासादात वाढलेली त्रुबेत्स्काया काळी भाकर आंबवलेल्या पेयाबरोबर खाऊन राहत असे. कैद्यांना मात्र आतमध्ये जेवण जात होते. तिने आपले नवे उबदार बूट कापून एका कैद्यासाठी टोपी शिवली, कारण खाणीत डोक्यावर खडे पडत. आणि त्यापायी स्वतःचे पाय थंडीने गारठून घेतले, असे सांगतात. टोपी नवऱ्यासाठी नव्हती, ओबोलेन्स्की नावाच्या दुसऱ्याच कैद्यासाठी होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांच्या घरचे कोणी आले नव्हते त्यांचेही घर या बायका झाल्या.

१८२७ च्या अखेरीस सर्व कैद्यांना चिता नावाच्या गावी एकत्र आणण्यात आले. (हे नाव मराठी कानांस अभद्र वाटेल, पण त्या मुलखात त्याचा तसा अर्थ नाही.) तेथला मुख्य अधिकारी लेपार्स्की हा म्हातारा पोलिश सेनापती मनाने वाईट नव्हता. बायका आता वाढल्या होत्या. तुरुंगासमोरच्या रस्त्यावर त्यांची लहान लहान घरे उभी राहिली आणि त्या रस्त्याला 'बायकांची आळी' असे नाव पडले. तुरुंगाभोवती उभ्या ओंडक्यांचे उंच कुंपण होते. ओंडक्यांच्या फटींतून बोलणे होई. त्रुबेत्स्काया अंगाने जरा स्थूल, तिला उभे राहवत नसे. ती घडीची खुर्ची घेऊन येई आणि कुंपणाशी बसे, आत कैदी आपापली पाळी येण्याची वाट पाहत. एका शिपायाने एकदा तिच्यावर हातही टाकला. तरी खुर्ची दुसऱ्या दिवशी तेथेच होती.

या आळीत एक फ्रेंच बाई येऊन राहिली. तिचे नाव पोलिन गेब्ल. ती मॉस्कोत एका कपड्यांच्या दुकानात कामास होती आणि इवान आनेन्कोव्ह या गडगंज श्रीमंत घरातील तरुणावर तिचे मन बसले होते. लग्न झालेले नव्हते. आनेन्कोव्हच्या आईने अटकेनंतर मुलासाठी काही करण्याचे नाकारले. ज्या मुलीला त्या घराने उंबरा ओलांडू दिला नसता, तिने बादशहाला वाटेत गाठून स्वतः अर्ज दिला, परवानगी मिळविली, आणि ती सैबेरियात गेली. एप्रिल १८२८ मध्ये त्यांचे लग्न झाले. देवळाच्या दाराशी नवऱ्या मुलाच्या बेड्या काढल्या, विधी संपल्यावर पुन्हा ठोकल्या. इतर बायका राजकन्या आणि सरदारकन्या. स्वयंपाक येत होता तो या एकटीला. कच्ची कोंबडी हातात धरावयाची म्हणजे त्या राजस्त्रियांना रडू येई. पोलिनने त्यांना चूल शिकविली, भाजीचा मळा करून दाखविला. संकटात कुटुंबाची व्याख्या कशी बदलते याचे इतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही: सख्खी आई मागे राहिली आणि कायद्याने जी कोणीच नव्हती ती पुढे झाली.

पण स्वयंपाक आणि शिवणकाम यांहूनही मोठे काम पत्रांचे होते. कैद्यांना पत्र लिहिण्याची मनाई, बायकांना नव्हती. तेव्हा प्रत्येकीने काही कैदी वाटून घेतले आणि त्यांच्या घरी त्या स्वतःच्या नावाने पत्रे लिहू लागल्या: आपला मुलगा बरा आहे, तो आपणांस नमस्कार कळवितो, त्याला अमुक पुस्तक हवे आहे, अमुक प्रकारचे लोकरी मोजे हवे आहेत. त्रुबेत्स्काया आणि वोल्कोन्स्काया यांच्याकडे सर्वांत अधिक कैदी. एकेका टपालाला दहाहून अधिक पत्रे त्यांना लिहावी लागत. प्रत्येक पत्र उघडे द्यावयाचे. ते लेपार्स्की वाचणार, मग इर्कुत्स्कला वाचले जाणार, मग राजधानीत गुप्त पोलिसांच्या कचेरीत वाचले जाणार. तीन परक्या डोळ्यांखालून जावयाचे पत्र आईच्या हाती पडल्यावर आईला ते आपल्या मुलाचे वाटले पाहिजे, अशी ही लेखनकला होती. साहित्याच्या इतिहासात तिला स्थान नाही. आम्ही वर्गात कित्येक वर्षे पत्रवाङ्मय शिकविले, पण हा नमुना कधी शिकविला नाही.

ही पत्रे नसती तर बादशहाचा हिशेब बरोबर ठरला असता. पत्रांमुळे मदतीचा मार्ग मोकळा झाला. मुराव्योवाच्या सासूने मॉस्कोहून पुस्तके, औषधे, चित्रकलेचे सामान पाठविले. कैद्यांपैकी डॉक्टर वोल्फ याला औषधांची पेटी मिळाली आणि तो सर्वांना औषध देऊ लागला. निकोलाय बेस्तुझेव्ह याला रंग मिळाले आणि त्याने सोबत्यांची चित्रे काढली, म्हणूनच आज ते लोक कसे दिसत होते हे आपणांस ठाऊक आहे. ज्यांना घरून पैसा येई त्यांनी आपला वाटा सामाईक कोषात टाकावा आणि ज्यांना येत नसे त्यांचाही निर्वाह त्यातून व्हावा, अशी व्यवस्था कैद्यांनी केली होती. १८३० साली सर्वांना सहाशेहून अधिक वर्स्ट पायी चालवीत पेत्रोव्स्की झवोद येथील नव्या तुरुंगात नेले. तुरुंग खास त्यांच्यासाठी बांधलेला. पण बांधणाऱ्यांनी कोठड्यांना खिडक्याच ठेवल्या नव्हत्या. भरदिवसा मेणबत्ती लावून बसावे लागे. बायकांना आता नवऱ्याच्या कोठडीत राहण्याची मुभा मिळाली होती, तेव्हा हा अंधार त्यांच्याही वाट्याला आला. त्यांनी राजधानीत आपल्या आईबापांना पत्रांमागून पत्रे लिहिली. ती वाटेत वाचली जाणार हे त्यांना ठाऊक होते. किंबहुना वाचली जावी याच हेतूने ती लिहिलेली होती. बोभाटा झाला, आणि पुढच्या वर्षी छताजवळ लहान लहान खिडक्या पाडण्यात आल्या. बंदुका घेऊन चौकात उभे राहिलेल्या पुरुषांना बादशहाकडून काहीच मिळाले नव्हते. बायकांनी दौत-लेखणीच्या बळावर हातभर उजेड मिळविला.

आता त्या तिसऱ्या कलमाकडे वळू. सैबेरियात या जोडप्यांना मुले झाली. कायद्याप्रमाणे ती कारखान्याची भूदास. १८४२ साली बादशहाने एक 'कृपा' केली: या मुलांना सरकारी शाळांत घेऊन त्यांना सरदारपद परत द्यावयाचे, मात्र त्यांनी बापाचे आडनाव टाकून द्यावे आणि बापाच्या पहिल्या नावावरून नवे नाव घ्यावे. सोळा वर्षे बेडी, खाण, अंधार सोसलेल्या आईबापांपुढे हा प्रश्न आला. दाविदोव्हने संमती दिली. त्रुबेत्स्कोय, वोल्कोन्स्की, मुराव्योव्ह यांनी नाकारले. इतिहासकार बहुधा नाकारणाऱ्यांची वाहवा करतात. दाविदोव्हला दोष देण्याचा धीर आम्हांस होत नाही. कैद्याच्या मुलाला बापाचे नाव हे ओझे असते आणि ठेवही असते. ते टिकवावे की उतरवावे हे घराबाहेरच्या माणसाने सांगू नये.

आतापर्यंत जे सांगितले ते गेलेल्यांविषयी. त्या अकरा जणी. न गेलेल्यांचे काय? याकुश्किन नावाचा एक कैदी होता. त्याची बायको अनास्तासिया दोन लहान मुलांसह निघण्याच्या तयारीत होती. १८२७ साली यारोस्लाव्ल येथे नवऱ्याची भेट झाली, आणि तेथेच कळले की मुलांना नेता येणार नाही. नवऱ्याने सांगितले, तू मुलांपाशी राहा. ती राहिली. पुढे काही वर्षांनी तिने पुन्हा परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १८४६ साली ती वारली. नवरा त्यानंतर अकरा वर्षे जगला. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. तिच्यावर कोणी महाकाव्य लिहिलेले नाही. योसिफ पोज्जो याची कथा याहून कडू आहे. त्याच्या बायकोचा बाप सिनेटर होता. मुलीने नवऱ्यामागे जाऊ नये म्हणून त्याने आपले वजन खर्च करून जावयाला सैबेरियात पाठविण्याऐवजी श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात एकांतात ठेवविले. तेथे सात-आठ वर्षे गेली. तोपर्यंत मुलीचा धीर सुटला आणि पुढे तिने दुसरे लग्न केले. तिला नावे ठेवणारे पुष्कळ निघाले. बाप मात्र प्रतिष्ठित राहिला.

या ठिकाणी स्वतःविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. आमच्या निकटच्या आप्तांपैकी एकाला, काही वर्षांपूर्वी, हिशेबातील अफरातफरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. देशभक्तीचा येथे काही संबंध नव्हता. गुन्हा त्याने केला होता आणि कबूलही केला होता. त्याच्या पत्नीस आम्ही वहिनी म्हणतो. त्या तीन वर्षांत वहिनींनी शिवणाची कामे घेतली, मुलांच्या शाळा चालू ठेवल्या, दर महिन्यास तुरुंगाच्या पत्त्यावर मनीऑर्डर केली, आणि पंधरा दिवसांनी एकदा पहाटेची एस. टी. धरून मुलाखतीसाठी दाराशी रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही एकदाच गेलो. महाविद्यालयाचे काम, परीक्षांचे पेपर, प्रकृती, अशी कारणे पुष्कळ होती आणि ती सर्व खरी होती. खरे कारण त्यांत नव्हते. त्या एका खेपेस रांगेत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांस ओळखले आणि नमस्कार केला. आम्ही त्याला, एका कामासाठी आलो आहो, असे सांगितले. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. याकुश्किनच्या बायकोची हकीकत आम्ही प्रथम वाचली ती त्यानंतर काही महिन्यांनी. आनेन्कोव्हच्या आईची हकीकत त्याआधीच वाचून झाली होती. पण ती वाचताना आपल्याकडे कोणी बोट दाखवीत आहे असे आम्हांस तोवर वाटले नव्हते.

आपल्याकडच्या राजबंद्यांच्या घरांचा इतिहासही बहुतांशी न गेलेल्यांचाच आहे, कारण जाण्याची सोयच नव्हती. टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेस होते. सत्यभामाबाई १९१२ साली पुण्यास वारल्या. बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप झाली. त्यांच्या पत्नी येसूवहिनी दहा वर्षे वाट पाहून १९१९ साली वारल्या, मध्यंतरी पतीची भेट नाही. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले गेले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच सहा वर्षांत पुण्याच्या घरात काय काय झाले, हे किती जणांना सांगता येईल?

आणि जाणाऱ्यांतही सगळ्या राजस्त्रिया नव्हत्या. जॉर्ज केनन या अमेरिकन लेखकाने १८८५-८६ साली सैबेरियाचा प्रवास करून तेथील हद्दपारीच्या पद्धतीवर १८९१ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने दिलेल्या सरकारी आकड्यांप्रमाणे १८२३ ते १८८७ या काळात सैबेरियात पाठविलेल्यांची संख्या ७,७२,९७९ होती. आणि १८८५ साली गेलेल्या तांड्यांत सुमारे एक तृतीयांश माणसे कसल्याही शिक्षेवाचून, आपखुशीने चाललेली बायकामुले होती. चोराची बायको, खुन्याची बायको, गावाने ओवाळून टाकलेल्या दारुड्याची बायको. त्यांच्या सह्या घ्यावयास कोणी गव्हर्नर बसला नव्हता; परत जा म्हणून त्यांची कोणी मनधरणी केली नाही. वोल्कोन्स्कायाने आपल्या मुलांसाठी फ्रेंच भाषेत आठवणी लिहून ठेवल्या आणि त्या १९०४ साली तिच्या मुलाने प्रसिद्ध केल्या, म्हणून आपणांस तिच्या खोपट्याची लांबीरुंदी ठाऊक आहे. या हजारो बायकांना लिहितावाचता येत नव्हते.

१८५६ साली नव्या बादशहाच्या राज्याभिषेकाच्या वेळी उरलेल्या डिसेंब्रिस्टांना माफी मिळाली. अकरा जणींपैकी तिघी तोपर्यंत सैबेरियाच्या मातीत गेल्या होत्या: मुराव्योवा १८३२ साली, इवाशेवा १८३९ साली, आणि सर्वांच्या आधी निघालेली त्रुबेत्स्काया माफीच्या दोनच वर्षे आधी, १८५४ मध्ये, इर्कुत्स्क येथे.

माफीच्या आधीची, १८५० च्या जानेवारीतील, एक गोष्ट सांगावयाची राहिली. राजद्रोहाच्या दुसऱ्या एका खटल्यातील कैदी तोबोल्स्कच्या तुरुंगात येऊन उतरले होते. तेथून त्यांना पुढच्या ठिकाणी पाठवावयाचे होते. डिसेंब्रिस्टांची काही कुटुंबे त्या वेळी तोबोल्स्क येथे राहत होती. आनेन्कोव्हची पोलिन, फोन्वीझिना आणि आणखी काही जणी यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याला गाठून भेटीची परवानगी मिळविली. कैदी त्यांच्या नात्याचे नव्हते, ओळखीचेही नव्हते. बायकांनी बरोबर जेवण नेले, कपडे नेले, आणि प्रत्येकाला बायबलाच्या नव्या कराराची एक प्रत दिली, कारण कैद्याला जवळ बाळगता येई असे पुस्तक तेवढेच होते. पुठ्ठ्याच्या बांधणीत चीर पाडून दहा रुबलची नोट आत घातलेली होती. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक झाले होते की झडतीत पुस्तकाची पाने चाळतात, पुठ्ठा कोणी उसवीत नाही. प्रत मिळालेल्यांपैकी एक होता फ्योदोर दोस्तोयेव्स्की. नोट कधीच खर्च झाली. पुस्तक त्याच्यापाशी १८८१ साली मरेपर्यंत होते.